मिठाचं गाव, बसची वेळ

सकाळी सहा. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटच्या सरोवरकाठच्या रस्त्यावर माल उतरवायची घाई चालू आहे. पावाचे क्रेट, दूध, हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी. उन्हाळ्यात दिवसा गावातला रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळे जे काय आणायचं ते आत्ताच. रस्ता तरी केवढा! एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरांची उतरंड. किनाऱ्याने येणारी ही सडकसुद्धा १८९० ची, कडा फोडून काढलेली. त्याआधी होडी, नाहीतर पायवाट. अंगणाला जागाच नाही, म्हणून नासपतीच्या फांद्या भिंतीवर आडव्या बांधून वाढवतात.

सात. पैलतीरावरून पहिले प्रवासी येतात. रेल्वे १८७७ मध्ये आली ती समोरच्या काठावर, त्यामुळे आजही गाडीतून उतरून लाँच धरावी लागते.

नऊ. वरच्या डोंगरात मिठाची खाण. गाव वसलं ते हिच्यामुळे. इथलं मीठ माणूस सुमारे सात हजार वर्षं काढतोय. खाणीत सापडलेला एक लाकडी जिना इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला. मिठाने लाकूड कुजूच दिलं नाही. १८४६ पासून खाणीचे अधिकारी रामसाउअर यांनी जवळच सुमारे हजार कबरी उकरल्या आणि युरोपातल्या लोहयुगाच्या एका अख्ख्या कालखंडाला या गावाचं नाव मिळालं. मीठ आजही निघतं, पण पाण्यात विरघळून. खडकात पाणी सोडायचं आणि तयार झालेलं खारं पाणी नळाने एबेन्झेला पाठवायचं. ही युक्ती जुनीच. मीठ आटवायला जळण लागतं आणि जवळचं जंगल पुरेना, तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात झाडांची खोडं आतून पोखरून चाळीस किलोमीटरची नळवाट टाकली. चुलीपर्यंत लाकूड आणण्यापेक्षा खारं पाणीच लाकडाकडे नेलं. मला तरी गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा हे बांधकाम मोठं वाटतं.

अकरा. बस. सुमारे साडेसातशे वस्तीच्या गावात गर्दीच्या दिवशी दहा हजार माणसं येतात. बहुतेकांना एकच फोटो हवा असतो: चर्चचा सुळका, सरोवर, डोंगर. खालची बाजारपेठ १७५० च्या आगीत जळाली, म्हणजे फोटोतली बरीच घरं त्यानंतरची, हे कुणी विचारत नाही. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात २०१२ साली या गावाची नक्कलच उभी राहिली. त्याने इथली गर्दी कमी झाली नाही.

दोन. पायऱ्या चढून वर गेलं की कॅथलिक चर्चच्या मागे छोटं अस्थिघर. दफनभूमी इवलीशी, म्हणून काही वर्षांनी कबर रिकामी करायची, कवटी उन्हात पांढरी करायची आणि तिच्यावर रंगवायचं. कपाळावर नाव, साल, भोवती ओकची पानं, आयव्हीची वेल किंवा गुलाब. घराण्यातल्या कवट्या शेजारी शेजारी. बाराशेंपैकी सहाशे दहा रंगवलेल्या. शेवटची १९९५ साली ठेवलेली, १९८३ मध्ये वारलेल्या बाईची. तिची तशी इच्छा होती. तिचा सोन्याचा दात अजून दिसतो. जागेची टंचाई इतकी की मेल्यावरही आळीपाळीने राहायचं, पण नाव पुसायचं नाही. घरांच्या उतरंडीमागचा हिशेबही तोच.

पाच. गावकऱ्यांना हवंय की यानंतर टूरबस थांबू नयेत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी त्यांनी गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या बोगद्याचं तोंड अडवलं होतं. त्याच वर्षी फोटोच्या जागी आडवी लाकडी भिंत उभारली गेली आणि लोक ओरडल्यावर काढली. पण दुकानं, खोल्या, लाँच सगळं याच गर्दीवर चालतं, म्हणून कुणी दार बंद करा म्हणत नाही. मागणी आहे ती रोजच्या आकड्याला मर्यादा घालण्याची. तोवर बससाठी आधी वेळ राखून ठेवायची पद्धत आहे.

सात. दुकानांची फडताळं आत जातात. उद्याचा माल पुन्हा सकाळी लवकर यायचाय.