कपाटाची किल्ली

शाळेच्या ग्रंथालयातलं सगळ्यात जाड पुस्तक कुणी घरी नेत नाही. ते म्हणजे दाखल नोंदवही. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी तिच्यात उतरतं: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिलाचा नंबर. मग तोच क्रमांक पुस्तकात लिहिला जातो, शीर्षकपानावर शिक्का बसतो आणि दुसरा शिक्का आतल्या एका ठरलेल्या पानावर. या पानाला 'गुप्त पान' म्हणतात. पहिली पानं फाडून पुस्तक आपलंच असल्याचं सांगणारा तिथं सापडतो. वहीचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. हरवलं, फाटलं, निर्लेखित केलं, हे तिथं. पुस्तक किती मुलांनी वाचलं, याला मात्र त्या वहीत रकानाच नाही.

शालेय ग्रंथपालाच्या नोकरीचा पेच इथूनच सुरू होतो. काम पुस्तकं देण्याचं, आणि जाब विचारला जाणार ती सांभाळली का याचा. एखादं पुस्तक कमी भरलं तर पैसे कुणाच्या पगारातून जाणार, ही धास्ती असेल तर शहाणा माणूस काय करील? कपाटाला कुलूप लावील. अनेक शाळांत काचेच्या कपाटामागे कोऱ्या करकरीत पुस्तकांची रांग दिसते ती या धास्तीतून. वाचनाच्या नावडीवर खापर फोडणं सोपं असतं, एवढंच.

केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत याबाबत एक समंजस कलम आहे. हजार पुस्तकं वाचायला दिली गेली, तर त्यामागे वर्षाला पाच गहाळ होणं वाजवी धरावं. लबाडी किंवा हयगय नसेल तर कुणाला धारेवर धरू नये. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हावी. नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, गावातल्या शाळेसाठी नव्हे. पण मुख्याध्यापकांनी तो एकदा वाचावा आणि आपल्या ग्रंथपालाला वाचून दाखवावा. ज्या शाळेत वर्षानुवर्षं एकही पुस्तक हरवत नाही, तिथली देवघेव मी तरी आधी तपासून बघेन.

कायद्यानंही या माणसाला जरा विचित्र वागवलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. त्याच परिशिष्टात शिक्षक किती, कला आणि आरोग्य शिक्षणाला अर्धवेळ निदेशक कधी, हेही आहे. ग्रंथपाल नाही. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळायचा तर पटावर हजारावर मुलं लागतात. त्याखाली अर्धवेळ पदावर भागवायचं. प्राथमिक शाळेत बहुधा एखाद्या शिक्षकाकडेच कपाटाचा 'चार्ज' असतो. आणि जिथं पूर्णवेळ ग्रंथपाल आहे, तिथं तो शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजला जातो. गंमत अशी की गणिताचे सर रजेवर गेले की ऑफ तासाला वर्ग सांभाळायला याच शिक्षकेतर माणसाला धाडतात, आणि ग्रंथालयाला पुन्हा कुलूप.

आपल्याकडे हे असंच चालत आलंय, असंही नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्यानं मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, कामाला माणसं शिकवून तयार केली. मुलांसाठी वेगळं दालन झालं. खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं निघाली. आज एखादी बाई पाचवीच्या वर्गात पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी ठेवते आणि किल्ली वर्गातल्याच एका मुलीकडे देते, तेव्हा ती नकळत बडोद्याचाच कित्ता गिरवत असते. फरक एवढाच की तिथं पेटीमागे संस्थानाचा खजिना होता, इथं बाईंचा स्वतःचा हट्ट.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या सुनसान जागेला इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणाले. त्यांना आधी लंडनला पाठवण्यात आलं. तिथली गजबजलेली ग्रंथालयं बघून आल्यावर त्यांनी परत वर्गाचं नाव काढलं नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला, पुस्तकं वापरासाठी असतात हा, इतका साधा आहे की तो सांगावा लागला याचंच नवल वाटतं. आपली कपाटं बघितली की ते नवल ओसरतं.

आता खोलीच्या आत जाऊ. मांडणी बहुधा ड्यूईच्या दशांश पद्धतीची. १८७६ची, अमेरिकेत जन्मलेली. तिच्यात इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ असा चौसोपी वाडा मिळाला आहे आणि मराठी साहित्य ८९१.४६ या आकड्यावर, दशांशचिन्हाच्या पलीकडे, माडीखालच्या खोलीत. धर्माच्या २०० या विभागात बरीचशी जागा ख्रिस्ती धर्मानं घेतली. हिंदू धर्माला २९४.५. मराठी शाळेत ही पद्धत जशीच्या तशी लावली तर अर्धंअधिक ग्रंथालय एकाच आकड्याखाली कोंबलं जातं. म्हणून जाणती ग्रंथपाल आकडा ठेवते, पण पुस्तकाच्या कण्यावर रंगीत पट्टीही चिकटवते: गोष्टी पिवळ्या, विज्ञान निळं, चरित्रं हिरवी. आणि आठवी-नववीच्या चौकस पोरांना ती हेच कोडं घालते. जगातलं सगळं ज्ञान दहा कप्प्यांत बसवणाऱ्यानं कुणाला किती जागा दिली, आणि का? संशोधनाची सुरुवात करायला हा विषय फार चांगला आहे, कारण त्याचा पुरावा समोरच्या फळीवरच असतो.

पण या कारागिरीचा गाभा मांडणीत नाही. तो टेबलाशी होणाऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्यात आहे.

"बाई, प्रदूषणावर पुस्तक द्या."

"कुठल्या प्रदूषणावर?"

"सगळ्या."

असं मागणाऱ्या मुलाच्या हातात 'पर्यावरण' नावाचं पुस्तक ठेवलं की काम संपतं, आणि शिक्षणही. मुलगा पहिली दोन पानं प्रकल्पवहीत उतरवून मोकळा होतो. कसलेली ग्रंथपाल आधी त्याला बसवते. तू राहतोस कुठं? घाटाजवळ. घाटावरचं पाणी केव्हा जास्त घाण दिसतं? गणपती गेल्यावर. मग त्या पाण्यात नक्की काय मिसळतं, आणि ते किती दिवस राहतं? एवढ्यानं 'सगळं प्रदूषण' आटून एका घाटावर येतं. आता पुस्तक शोधता येईल, घाटावर जाऊन बघताही येईल, मूर्तिकाराला विचारताही येईल. विषय मुलाला शिक्षक देतात. त्या विषयाचा प्रश्न कसा करायचा, हे शाळेच्या कुठल्याच तासाला शिकवत नाहीत.

यानंतर ती एका कार्डावर तो प्रश्न मुलाकडूनच लिहून घेते, प्रश्नचिन्हासकट. खाली शोधायचे शब्द: नदी, जलप्रदूषण, शाडू, प्लास्टर ऑफ पॅरिस, रंग, शिसं. मुलं एकच शब्द घेऊन शोधतात आणि तो सापडला नाही की 'काहीच नाहीये' म्हणून परततात. दुसरा, तिसरा शब्द सुचणं ही सवय आहे, आणि ती लावावी लागते. पुस्तकाच्या शेवटी असलेली सूची बहुतेक मुलांनी उघडलेलीच नसते. मराठीतली बरीच पुस्तकं तिच्यावाचूनच छापली जातात, हेही खरं. प्रकाशकांनी हे मनावर घ्यायला हवं.

मग कोश. वाईत लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. एकूण वीस खंड, आता संकेतस्थळावर फुकट. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत, महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा. छापील खंड मुलांच्या हातात दिले की पहिली अडचण वर्णक्रमाची येते. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'ज्ञानेश्वर' कुठल्या पानावर सापडेल ते सांगता येत नाही: काही कोश ज्ञ ला ज मध्ये ठेवतात, काही पार शेवटी. पाच मुलांच्या दोन तुकड्या करून शब्द शोधायची शर्यत लावली की ही अडचण आठवड्यात सुटते. संगणकावर शोधचौकट आहे, मग कशाला हा खटाटोप, असं विचारणारे असतात. शोधचौकट हवा तोच शब्द दाखवते. खंड चाळणारं मूल 'कासव' शोधताना 'कास पठारा'वर अडकतं, आणि अशा अडकण्याची फिकीर करण्याचं कारण नाही.

विकिपीडियाला शिव्या देणाऱ्या ग्रंथपालाशी माझं जमत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि मुलं तिकडंच जाणार. त्यापेक्षा एकाच विषयावरची विश्वकोशातली नोंद आणि विकिपीडियातला लेख शेजारी ठेवावेत, दोन्हींत न जुळणाऱ्या तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात. कुणाचं खरं? कशावरून? लिहिलं केव्हा, कुणी? चौदा वर्षांचं पोर एकदा या खेळाला लागलं की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इतिहासाचीही उलटतपासणी घेऊ लागतं, आणि घरच्यांची मोठी पंचाईत होते.

स्थानिक विषयांसाठी गॅझेटियरसारखं साधन नाही, आणि शाळांत त्याचा वापर जवळपास शून्य. जेम्स कॅम्बेल यांनी संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला साताऱ्याचा खंड १८८५चा. पिकं, पाऊसपाणी, धंदे, बाजार, गावोगावची माहिती. इंग्रजी जुनं आणि ब्रिटिश अंमलदाराच्या चष्म्यातलं, त्यामुळं मोठ्या माणसानं शेजारी बसावं लागतं. पण आपल्या तालुक्याबद्दल सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी काय छापलं गेलं, ते वाचताना मुलांचे डोळे जसे खिळतात तसे पाठ्यपुस्तकावर खिळत नाहीत. त्याच्या जोडीला जनगणनेची जिल्हा पुस्तिका, आणि तिसरा पुरावा घरचा: आजोबा. आठवडी बाजार कोणत्या वारी भरायचा, बैल कुठून यायचे, तो कधी मोडला. गॅझेटियर एक सांगतं, आजोबा दुसरं. दोन्ही लिहून ठेवायचं आणि पुढं नाव, साल, पान, किंवा सांगणाऱ्याचं वय. नोंद कुठून घेतली ते लिहिण्याची शिस्त इथं लागली तर पुढं पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचा निम्मा त्रास वाचेल.

उतरवून काढण्याच्या खोडीवर एक जुना उपाय अजून चालतो: वाच, पुस्तक मिट, मग लिही. सोपा वाटतो, पण मुलं पहिल्यांदा रडकुंडीला येतात. प्रकल्पाच्या तयार छापील माहितीचे गठ्ठे शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळत असताना आणि गुण तक्त्याच्या सजावटीला पडत असताना, एकट्या ग्रंथपालानं हा किल्ला किती लढवावा? विषयशिक्षकांनी प्रकल्पाचे विषय आठवडाभर आधी तिच्या कानावर घातले, तर पुस्तकं बाजूला काढून ठेवता येतात. बहुतेक ठिकाणी तिला विषय कळतो तो मुलं रांगेत उभी राहिल्यावर. जिथं हे सूत जुळलं आहे, तिथला फरक सहावी-नववीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या कृतिप्रकल्पात आणि बालविज्ञान परिषदेला जाणाऱ्या वह्यांत दिसतो.

आणि नुसतं वाचन? त्यात कामाचं काही नसावं, असं मला वाटतं. पुस्तक परत करताना सारांश लिहून मागणं ही मुलांना वाचनापासून तोडायची हमखास युक्ती आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं आणि ऐन मोक्यावर घंटा होऊ द्यायची. प्रती तीनच असतील तर उत्तम, भांडणं होतात. जाड पुस्तकाला घाबरणाऱ्याला बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक द्यावेत; १९७१ पासूनचा तो खजिना आता संगणकावरही आहे. लहानांना माधुरी पुरंदरे. क्रिकेटचे आकडे सोडून काहीच न वाचणाऱ्या मुलाला क्रिकेटचेच आकडे द्यावेत, टोमणा न मारता.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पटांगणात रांगेनं बसलेली मुलं, मांडीवर पुस्तकं, फोटो. दिवसाला माझी हरकत नाही. १६ तारखेला ती पुस्तकं कुठं असतात, ते विचारावंसं वाटतं.

याहून मोठी अडचण एप्रिलमध्ये येते. परीक्षा आली की सगळी पुस्तकं जमा करून घ्यायची, साठा पडताळायचा आणि मे महिनाभर कपाटं बंद. म्हणजे मुलांना वर्षात खरा मोकळा वेळ मिळतो, तेव्हाच शाळेचं ग्रंथालय मिटलेलं. यावर काही ग्रंथपालांनी साधी वाट काढली आहे. पडताळणी दिवाळीच्या सुटीत उरकायची आणि निकालाच्या दिवशी, पालक शाळेत आलेले असतात तेव्हाच, त्यांच्या सहीवर प्रत्येक मुलाला चार-पाच पुस्तकं द्यायची. जूनमध्ये ती घेताना प्रश्न एकच विचारायचा: यातलं कुठलं अर्धवट सोडलंस, आणि का? उत्तरं वहीत टिपून ठेवायची, आणि नव्या वर्षाच्या खरेदीची यादी त्या वहीवरून करायची.