अमेरिकेतील ‘पॉलिटेक्निक’ म्हणजे पदविका नव्हे!

दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका, एवढाच ‘पॉलिटेक्निक’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे अमेरिकी विद्यापीठाच्या नावात तो दिसताच अनेक पालकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. तिकडे मात्र पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण देणाऱ्या संस्था हा शब्द अभिमानाने मिरवतात. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट १८२४ मध्ये स्थापन झाली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या. त्यांच्या विक्रीच्या पैशातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. ‘व्हर्जिनिया टेक’ हे त्यांपैकीच एक. त्याच्या अधिकृत नावात ‘पॉलिटेक्निक’ आजही कायम आहे. जगद्विख्यात ‘कॅलटेक’देखील एकेकाळी थ्रूप पॉलिटेक्निकच होते. या नावाचे आकर्षण अद्याप ओसरलेले नाही. कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट स्टेट विद्यापीठ २०२२ मध्ये ‘कॅल पॉली हम्बोल्ट’ झाले.

मात्र केवळ नावावर भिस्त ठेवणे धोक्याचे. नफ्यासाठी चालविल्या जाणाऱ्या आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूटला नवे विद्यार्थी सरकारी शिक्षणकर्जावर घेण्यास केंद्रीय शिक्षण खात्याने २०१६ मध्ये मनाई केली. काही दिवसांतच तिची शंभराहून अधिक केंद्रे बंद पडली आणि हजारो विद्यार्थी कर्जासह अधांतरी राहिले. अभियांत्रिकीसाठी ‘एबेट’ या संस्थेची मान्यता पाहावी. ती विद्यापीठाला नव्हे, प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतंत्रपणे मिळते. त्यामुळे एकाच आवारातील एका शाखेला ती असू शकते आणि शेजारच्या शाखेला नसूही शकते.