गाळातील सेल्युलोज

पालघर जिल्ह्याची उत्तर हद्द ओलांडताच लागणाऱ्या वापीत रद्दीपासून क्राफ्ट कागद करणाऱ्या गिरण्यांची दाटी आहे, आणि बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने पुष्कळ; या दोहोंस जोडू शकणारा जिन्नस म्हणजे सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज. लाकडाचा रासायनिक लगदा करताना निम्म्याच्या आसपास वजन काळ्या द्रवात विरघळते व तो द्रव जाळून वाफ आणि क्षार परत मिळविले जातात. परंतु कागदयंत्राच्या जाळीतून पाण्याबरोबर निसटणारे सूक्ष्म तंतू, विशेषतः पुनःपुन्हा वापरून आखूड झालेले रद्दीतील तंतू, अखेरीस गिरणीच्या गाळातच जमा होतात.

सेल्युलोज विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तापविले असता त्याचा अस्ताव्यस्त भाग विरघळून स्फटिकमय भाग तेवढा उरतो, आणि धुऊन वाळविलेली ती शुभ्र पूड, म्हणजेच सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज, औषधाच्या गोळीस घट्ट बांधते, शिवाय पोटात पाणी शोषून गोळी फुटण्यासही साहाय्य करते. १९५५ साली अमेरिकेत ऑर्लांडो बॅटिस्टा यांनी या पुडीचा शोध लावला. गाळाची अडचण मात्र निराळी: कागदात भरलेला कॅल्शियम कार्बोनेट तंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच आम्ल खाऊन टाकतो, शाई व लिग्निन यांचे निवारण खर्चिक, आणि औषधकोशाचे शुद्धतेचे निकष तर मुळीच दयामाया जाणत नाहीत. म्हणून असा गाळ तूर्त हलक्या पुठ्ठ्याकडे वळविणे हीच, आमच्या मते, व्यवहार्य तजवीज होय. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनोसेल्युलोजाच्या, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणांच्या, प्रयोगांसाठी सरकीवरील आखूड, मुळातच निर्मळ तंतू निवडले, यात नवल नाही.