एक लॅपटॉप, दोन ऑपरेटिंग सिस्टिम आणि साडेपाच तास

आमचे घर मझौलीला आहे. जबलपूर जिल्ह्यातले हे तहसिलीचे गाव विष्णुवराहाच्या जुन्या मंदिरासाठी ओळखले जाते, आणि आमच्या भागात मटार भरपूर पिकतो. बाबांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि बुंदेली, अशी आमची रीत.

दुकानाचा सगळा हिशेब एका जुन्या लॅपटॉपवर आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी सुट्टीवर घरी गेलो तेव्हा एक प्रश्न समोर होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद करायचे ठरवले होते. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा लॅपटॉप त्यात बसत नव्हता. मला शाळेतल्या कॉम्प्युटर क्लबसाठी लिनक्स शिकायचेच होते. मी बाबांना म्हणालो, "विंडोज काढून टाकू या, लिनक्स टाकतो. फुकट आहे."

बाबांनी विचारले, "आणि आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर?"

ते फक्त विंडोजवर चालते. मी गप्प झालो. मग ठरले की दोन्ही ठेवायच्या. बाबांची अट एकच होती: "मटाराच्या पेरणीचे दिवस आहेत. उधारीचा एक आकडासुद्धा हलता कामा नये."

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्याला ड्युअल बूट म्हणतात. आपल्या शाळेच्या मैदानाचे उदाहरण घ्या. सकाळी तिथे ड्रिल होते, संध्याकाळी हॉकी. मैदान एकच, पण दोन्ही एका वेळी होत नाहीत. तसेच लॅपटॉप चालू करताना आपण एकच सिस्टिम निवडतो. दुसरी डिस्कवर आपल्या जागेत झोपून असते.

मी कसे केले ते क्रमाने सांगतो.

पहिले काम बॅकअपचे. हिशेबाचा सगळा डेटा मी पेन ड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. पण कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असे नाही. जबलपूरला काकांकडे तेच सॉफ्टवेअर आहे. तिथे तो डेटा उघडून पाहिला, दहा खात्यांची बाकी जुळवली, आणि मगच पुढे गेलो.

दुसरे काम विंडोजच्या दोन गोष्टी तपासण्याचे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर पुढे विंडोज ती मागेल आणि आपण अडकू. आमच्या लॅपटॉपवर ते कुलूप नव्हते. दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. ते चालू असले की "शट डाउन" केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्सने त्याच डिस्कवर काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. ते मी बंद केले.

तिसरे काम जागेचे. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह ८० जीबीने लहान केला. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात, म्हणून ८० ला १०२४ ने गुणून ८१९२० टाकला. सुटलेली जागा तशीच रिकामी ठेवली.

चौथे काम पेन ड्राइव्हचे. रॅम कमी असल्यामुळे मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. डाउनलोड सुमारे ३ जीबीचा आहे. तो नीट उतरला का हे चेकसमवरून तपासले आणि रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर टाकला. यात पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह यासाठी वापरू नका. मी तो आईच्या कपाटात ठेवून आलो होतो.

पाचवे काम इन्स्टॉलचे. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की मिंट काही न बदलता वापरून पाहता येते. वायफाय, आवाज, कीबोर्ड सगळे चालले. मग इन्स्टॉल सुरू केले. इथे एक पर्याय संपूर्ण डिस्क पुसण्याचा असतो. तो निवडला तर विंडोज आणि हिशेब दोन्ही गेले. मी स्वतः जागा निवडण्याचा पर्याय घेतला, ८० जीबीच्या रिकाम्या जागेत लिनक्ससाठी पार्टिशन केले आणि बाकी कशाला हात लावला नाही. ईएफआय नावाचे छोटे पार्टिशन दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात, त्याला फॉरमॅट करायचे नसते. "पुढे" दाबण्याआधी मी पडद्यावरची यादी तीनदा वाचली. बाबा शेजारी उभे होते, काही बोलत नव्हते.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा ग्रबची यादी आली: मिंट आणि विंडोज. ग्रब हा गेटवरच्या संतरीसारखा, कुठे जायचे ते विचारतो. बाबांना रोज निवडावे लागू नये म्हणून दहा सेकंदांनी आपोआप विंडोज सुरू होईल असे केले. आणि नियम ठरवला: हिशेब विंडोजवर, इंटरनेट फक्त लिनक्सवर. ज्या सिस्टिमला आता सुरक्षेचे नियमित अपडेट मिळणार नव्हते, तिला इंटरनेटपासून दूर ठेवणे बरे.

मला वाटले, काम फत्ते. चार दिवसांनी सकाळी एक शेतकरी बिल घेऊन परत आला. "भैया, जा तो कल की तारीख डली है."

बाबांनी वही काढली. पेरणीच्या दिवसांत ते पहाटे पाचला दुकान उघडतात. दोन पहाटांची मिळून सात बिले आदल्या दिवसाच्या तारखेची निघाली होती. बियाणे उगवले नाही तर तक्रार करायला शेतकऱ्याकडे तेच बिल असते. त्यावर चुकीची तारीख म्हणजे त्याची बाजू कच्ची. बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तू म्हणाला होतास काही हलणार नाही." ते मला जास्त लागले.

कारण शोधायला दुपार गेली. प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डवर एक घड्याळ असते, लॅपटॉप बंद असतानाही ते बॅटरीवर चालते. ते कोणत्या देशाची वेळ दाखवते हे त्यात नोंदलेले नसते. विंडोज त्याला स्थानिक वेळ मानते. लिनक्स त्याला जागतिक प्रमाण वेळ मानून त्यात भारताचे साडेपाच तास मिळवते. लिनक्सने इंटरनेटवरून अचूक वेळ घेतली आणि त्या घड्याळात जागतिक वेळ लिहिली. मग विंडोजने तीच वेळ इथली समजून दाखवली. पहाटे ५.१० ला विंडोजमध्ये आदल्या रात्रीचे ११.४० वाजलेले! दिवसा तारीख बरोबर येत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. आणि विंडोजचे इंटरनेट मीच बंद केल्यामुळे ते स्वतःहून वेळ सुधारूही शकत नव्हते.

उपाय सोपा निघाला. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन त्या घड्याळात स्थानिक वेळच ठेवायला सांगितले. जिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात त्या देशांत याने अडचण येऊ शकते, भारतात तसा प्रश्न नाही. तपासायला तीन वेळा लिनक्समधून विंडोजमध्ये गेलो. वेळ बरोबर होती.

पण सात बिले बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांच्याबरोबर गावोगाव गेलो आणि दुरुस्त बिले हातात दिली. प्रत्येक ठिकाणी चूक कशी झाली ते मीच सांगायचे, असे बाबांनी ठरवले होते. सगळ्यांनी ऐकून घेतले. एका आजोबांनी चहासुद्धा पाजला.

लिनक्स हा काही फक्त छंदाचा विषय नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. आपल्या देशात सी-डॅकने लिनक्सवर आधारित 'बॉस' ही सिस्टिम तयार केली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारित 'माया' आणणार, अशा बातम्या आपण वाचल्या. आपल्यातले जे उद्या सैन्यात जातील त्यांना हे ज्ञान उपयोगी पडेल.

ज्यांना हे घरी करायचे आहे त्यांना माझा सल्ला: आधी बॅकअप उघडून पाहा, डिस्क पुसण्याचा पर्याय ओळखून ठेवा, आणि सगळे झाल्यावर दोन्ही सिस्टिममधले घड्याळ तपासा. शक्यतो सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे चूक निघाली तर निस्तरायला तुम्ही घरी असाल.

लॅपटॉपच्या झाकणावर मी एक कागद चिकटवून आलो आहे. त्यावर तीन ओळी आहेत, आणि पहिली ओळ "बिल करण्याआधी तारीख पाहा" अशी आहे. बाबा सांगतात की ते रोज पाहतात.