पॉकेट स्प्रिंग गादी : खरेदीपूर्वी काय जाणून घ्यावे

पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन गादी पुन्हा भरून घेण्याची पद्धत शहरांतून जवळपास मागे पडली आहे. काथ्या आणि फोम यांच्या पाठोपाठ आता दुकानांत पॉकेट स्प्रिंगच्या गादीचा आग्रह धरला जातो. किंमत मोठी, वापर अनेक वर्षांचा आणि आत काय भरले आहे ते मात्र कापडाखाली शिवून बंद केलेले. कापसाची गादी उसवून दुरुस्त करता येत असे. ही गादी घरी आल्यावर तशी सोय उरत नाही. म्हणूनच चौकशी आधी करावी लागते.

स्प्रिंगच्या गाद्यांचा जुना, स्वस्त प्रकार बॉनेल. त्यात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. एका जागी भार पडला की शेजारच्याही खेचल्या जातात आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप चाळवते. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत असते. पिशव्या एकमेकींना चिकटवलेल्या असल्या तरी आतली स्प्रिंग आपल्यापुरतीच दबते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा त्यामुळे खाली जातो आणि कमरेला आधार मिळतो. ही रचना कॅनडात जेम्स मार्शल यांनी १९०० च्या सुमारास आणली. अमेरिकेतील सिमन्स कंपनीने १९२५ मध्ये यंत्रावर तयार केलेली गादी बाजारात आणल्यावर तिचा प्रसार वाढला.

विक्रेते स्प्रिंगांची संख्या आवर्जून सांगतात. ती कोणत्या मापाच्या गादीतली, हे प्रथम विचारावे. ७२ बाय ७२ इंचांच्या गादीची बाजू सुमारे १८३ सेंटीमीटर भरते. स्प्रिंगेचा व्यास ६ सेंटीमीटर धरला, तर ३० रांगांत ३० म्हणजे सुमारे ९०० स्प्रिंगा मावतात. याच मापात दोन हजारांचा दावा असेल, तर स्प्रिंगा बऱ्याच लहान आहेत किंवा त्यांचे दोन थर आहेत. तारेची जाडीही महत्त्वाची. बाकी रचना सारखी असेल, तर जाड तारेची स्प्रिंग कडक लागते.

तथापि, गादीत खड्डा पडतो तो बहुधा स्प्रिंगा थकल्यामुळे नव्हे, तर वरचा फोम बसल्यामुळे. फोमची घनता किलो प्रति घनमीटर अशी सांगितली जाते. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. ती टिकाऊपणाचा अंदाज देते. घनता सांगण्याची टाळाटाळ होत असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे. मेमरी फोमचा जाड थर उकाड्यात गरम वाटतो, हेही लक्षात घेतलेले बरे.

पाठदुखीवर गादी जितकी कडक तितकी चांगली, हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीने त्याला छेद दिला. कंबरदुखीच्या ३१३ जुन्या रुग्णांपैकी ज्यांना मध्यम कडक गादी दिली, त्यांना ९० दिवसांनंतर कडक गादीवरील रुग्णांपेक्षा अधिक आराम मिळाला होता. वेष्टनावरील ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे.

दुकानात गादी हाताने दाबून पाहणे पुरेसे नाही. नेहमीच्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे. जोडप्याने एकत्र पडून पाहिले, तरच धक्का जाणवतो की नाही ते कळते.

सुताराकडून करून घेतलेल्या पलंगाचे आतले माप आधी घ्यावे. फोमची गादी कापून बसवता येते, पॉकेट स्प्रिंगची नाही. नवारीच्या किंवा झोळ पडलेल्या पलंगावर ती टाकू नये. तिला सपाट, भक्कम आधार लागतो. किनारपट्टीच्या दमट हवेत खालची फळी सलग असेल, तर तिला हवेसाठी छिद्रे पाडून घ्यावीत. गादी अधूनमधून डोके-पाय बदलून फिरवावी. वरचा मऊ थर एकाच बाजूला असल्यास ती उलटी करू नये.

वॉरंटीचे वर्ष मोठ्या अक्षरांत असते, अटी बारीक. किती खोल खड्डा पडल्यास गादी बदलून मिळेल, डाग पडल्यास हक्क जातो का आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणी करायचा, हे लेखी घ्यावे. बिलावर माप, प्रकार व वॉरंटीची मुदत नोंदवून घ्यावी. तक्रार करण्याची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे हे बिल हाताशी लागते.