धावपटूची शारीरिक सुदृढता : अर्थ आणि मर्यादा

'सुदृढ' हा शब्द बोलण्यात सैलपणे वापरला जातो. शारीरिक शिक्षणशास्त्रात मात्र त्याचे दोन भाग मानले जातात. हृदय व फुप्फुसांचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, लवचिकता, शरीरातील चरबीचे प्रमाण हे आरोग्याशी निगडित घटक होत. वेग, चपळता, तोल हे कौशल्याशी निगडित. यांपैकी काय किती हवे, हे खेळावर ठरते.

उसेन बोल्ट यांनी 2009 साली बर्लिन येथे 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत कापले. एवढ्या अल्प वेळात श्वासावाटे घेतलेला प्राणवायू फारसा उपयोगी पडत नाही. स्नायूंत आधीच साठलेली ऊर्जा आणि वेगाने आकुंचन पावणारे तंतू यांवरच बहुतेक मदार असते. त्याच बर्लिनमध्ये 2022 साली एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत पार केले. तेथे जवळजवळ सर्व ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. दोघेही पराकोटीचे सुदृढ. पण एकमेकांच्या शर्यतीत कोणाचाच निभाव लागणार नाही.

केनेथ कूपर यांनी 1968 साली अमेरिकेच्या वायुदलासाठी बारा मिनिटांच्या धावेची चाचणी मांडली. घड्याळ आणि आखलेले मैदान एवढेच साधन लागत असल्याने ती शिक्षणसंस्थांतही रुजली. ती दमदारपणा मोजते, बाकी काही नाही. गोळाफेकपटूला तिच्यावरून नापास ठरवणे म्हणजे उर्दूच्या पेपरावरून गणिताचे गुण देणे होय.

याहून गंभीर गैरसमज म्हणजे सुदृढता आणि आरोग्य एकच मानणे. 1977 साली आलेल्या आपल्या पुस्तकाने अमेरिकेत धावण्याची आवड पसरवणारे जिम फिक्स 1984 मध्ये रोजच्या धावेच्या वेळी हृदयविकाराने वारले. वय अवघे 52. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत मोठे अडथळे आढळले. पूर्वी ते धूम्रपान करीत, वजनही जास्त होते. वडिलांना पस्तिशीतच झटका आला होता. धावण्याने त्यांचे आयुष्य कदाचित वाढलेही असेल, पण आतला आजार दमदारपणाआड दडून राहिला.

म्हणून निवड चाचणीपूर्वी घरात कोणाला अकाली हृदयविकार झाला आहे का, धावताना छातीत दुखते का, भोवळ येते का, हे विद्यार्थ्याला विचारावे लागते. संघातून नाव वगळले जाईल या भीतीने मुले अशा गोष्टी लपवू शकतात. तेव्हा प्रश्न चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारावा. उत्तर 'होय' आले तर आधी डॉक्टर, धाव नंतर.