शस्त्रागाराच्या आवारातले कॉलेज

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड शहराच्या टेकाडावर लाल विटांच्या जुन्या इमारतींचे एक मोठे आवार आहे. १७७७मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, इथे दारूगोळ्याचे कोठार उभे राहिले. १७९४मध्ये सरकारने बंदुकांच्या कारखान्यासाठी हीच जागा ठरवली आणि तो कारखाना पावणेदोनशे वर्षे चालला. आज त्याच आवारात स्प्रिंगफील्ड टेक्निकल कम्युनिटी कॉलेज आहे. नुकतीच शाळा संपवलेली मुले-मुली तिथे सीएनसी यंत्रे आणि लेझर शिकतात. नोकरी आणि संसार सांभाळून आलेली मोठी माणसेही त्यांच्या शेजारी बसतात. कारखाना बंद पडल्यावर त्याच्या जागेचे काय करायचे, याचे या शहराने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. ते समजून घ्यायचे तर आधी त्या कारखान्यात शिरायला हवे.

बंदुकीचा लाकडी दस्ता ही सुतारकामातली अवघड चीज. लेथवर गोल वस्तू कातता येते. दस्ता तर कुठे जाड, कुठे निमुळता, कुठे बाकदार. तो हातानेच तासावा लागे. १८१९च्या सुमारास थॉमस ब्लँचर्ड या कारागिराने त्यावर तोड काढली. तयार दस्त्याचा नमुना आणि कच्चे लाकूड एकाच वेळी फिरवायचे. एक चाक नमुन्यावरून घसरत जाणार आणि त्याला जोडलेले धारदार चाक तेच चढउतार लाकडात कोरणार. नमुना वाचून जॉब कातणारे हे यंत्र होते.

धातूच्या भागांचा प्रश्न याहून कठीण होता. प्रत्येक खटका, प्रत्येक कमान कानशीने घासून त्या-त्या बंदुकीत बसवली जाई. एकीचा भाग दुसरीला बसेल याची खात्री नसे. मग गेज आले: भाग या मापात बसला पाहिजे, नाही बसला तर बाद. १८४२ सालच्या नमुन्याच्या बंदुकीपर्यंत येताना सुटे भाग खरोखर अदलाबदलीचे झाले. ही शिस्त शिकलेले मिस्त्री बाहेर पडले आणि शिवणयंत्रांच्या, पुढे सायकलींच्या कारखान्यांत तीच पद्धत घेऊन गेले. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाची एक मुळी या टेकाडावर आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉन गॅरंड यांची रायफल इथे लाखांनी बनली. तेव्हा इथे सुमारे १४ हजार माणसे राबत होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती.

१९६४मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९६८मध्ये तो बंद झाला. कॉलेज स्थापन झाले १९६७मध्ये, म्हणजे टाळे लागण्याच्या आधी. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. शहराच्या आसपासच्या खोऱ्यात अचूक मापाचे काम करणारे लहानमोठे कारखाने होतेच. त्यांना लागणारा हात घडवण्याची जागा शहराने वेळेत धरली.

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना त्याहून जुनी. १९०१मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिले सार्वजनिक दोन वर्षांचे कॉलेज निघाले, तर १९४७च्या ट्रूमन आयोगाने हे नाव रूढ केले. गुणवत्ता यादी नाही, दार उघडे, फी कमी. मॅसॅच्युसेट्सने तर २०२४पासून, ज्यांच्याकडे आधीची पदवी नाही अशा राज्यातल्या रहिवाशांसाठी हे शिक्षण मोफत केले.

अशा कॉलेजांत शिकवली जाणारी ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ म्हणजे नेमके काय? १९५५च्या ग्रिंटर अहवालाने अमेरिकी इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम गणित-विज्ञानाकडे वळवला. वर्कशॉप आणि ड्रॉइंगचे तास आकसले. ती रिकामी जागा हळूहळू या वेगळ्या शाखेने भरली. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तुळई किती वाकेल याचे समीकरण मुळापासून मांडतो. टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी सूत्र घेतो, तुळईवर भार टाकतो, डायल गेज वाचतो आणि हिशेब चुकला तर का चुकला हे शोधतो. दुसऱ्या कामाला मी कमी मानत नाही. यंत्र अडते तेव्हा तेच काम उपयोगी पडते.

व्यवस्था मात्र त्याला कमी मानते. दोन वर्षांची, साधारण ६० क्रेडिटची असोसिएट पदवी घेतलेल्या मुलाला टेक्नॉलॉजीच्या चार वर्षांच्या पदवीकडे जाता येते. पण इंजिनिअरिंगकडे वळायचे तर शिकलेल्यातले बरेचसे मोजलेच जात नाही, कलनशास्त्रापासून पुन्हा सुरुवात. काही राज्यांत टेक्नॉलॉजीच्या पदवीवर व्यावसायिक इंजिनिअरचा परवानाही मिळत नाही. आपल्याकडे दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली मुलगी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसते. ही शिडी आपण सलग ठेवली, हे आपले मोठे शहाणपण. फिटिंगच्या जॉबवर महिनोन्महिने कानस चालवलेला हात पुढे पदवीच्या वर्गातही बसतो, ही गोष्ट अमेरिकेने आपल्याकडून घ्यावी.

आपण घ्यायची गोष्ट निराळी आहे, आणि ती लिहिताना मला मुंबईचे गिरणगाव आठवते. मुंबईत १८८७मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती गिरण्या आणि यंत्रशाळांना माणसे मिळावीत म्हणून. म्हणजे कारखाना आणि शाळा यांचे नाते मुंबईला ठाऊक होते. १९८२च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग शहराला मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला, असे तीन वाटे केले होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. बाकीच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर चढले. जॉबर, विणकर, फिटर यांच्या हातात साठलेले ज्ञान त्या वाटणीत कोणीच मोजले नाही. लालबाग-परळच्या एका तरी गिरणीत, त्याच शेडखाली, त्याच माणसांच्या मुलांसाठी असे कॉलेज उभे राहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

स्प्रिंगफील्डच्या त्याच आवारात राष्ट्रीय उद्यान विभागाचे संग्रहालय आहे आणि तिथे ब्लँचर्डचा लेथ ठेवला आहे. कॉलेजचा वर्ग सुटल्यावर दारातून बाहेर पडलेला विद्यार्थी चालत तिथे पोहोचू शकतो. मघाशी त्याने सीएनसी यंत्राला आकार आकड्यांत लिहून दिला. इथे तोच आकार लाकडी नमुन्यात कोरलेला त्याला दिसतो.